आम्ही मुलगा बघायला गेलो

माझ्या मैत्रिणीला सांगून आलेल्या मुलाचा एक डोळा कायम मिटलेला असतो, ही बातमी मला बुलढाण्याच्या बाजारातून परत येताना भर रस्त्यात कळली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या राज्यात इकडचे कारकून तिकडे आणि तिकडचे इकडे चालले होते, त्यात माझ्या वडिलांची पुण्याहून बुलढाण्याच्या कचेरीत बदली झाली. मी मॅट्रिक होऊन घरीच होते, म्हणून तिथल्या ट्रेनिंग कॉलेजात मास्तरीण व्हायला नाव घातलं. ही मैत्रीण मेहकरची, होस्टेलवर राहायची. वर्गात आम्ही शेजारी बसायचो आणि हसायचो. आमच्या मैत्रीला याहून मोठं कारण नव्हतं.

स्थळ खामगावचं होतं. मुलाच्या घरची शेती वडनेर भोलजीला, भाऊ शेती बघत होते. हा एकटा शहरात येऊन फोटोचा स्टुडिओ काढून बसला होता. हिच्या वडिलांना शेती पसंत होती, स्टुडिओचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. त्यातच मध्यस्थाची बायको हळदीकुंकवाला येऊन बोलता बोलता म्हणून गेली, "पोरगा सोन्यासारखा आहे. फक्त एक डोळा मिटलेला असते."

"मिटलेला म्हणजे? कायमचा?" मी मैत्रिणीला विचारलं.

"मले काय माहीत? मी पाह्यलं थोडीच!"

"मग वडिलांनी मध्यस्थाला विचारलं नाही?"

"विचारलं. तो म्हणे, तसं काही नाई. मध्यस्थ दुसरं काय म्हणणार?"

पुढच्या महिन्यात मुलाकडचे हिला बघायला येणार होते. मी सहज बोलून गेले, "ते तुला बघायला येणार, तर तू त्याला आधी बघून ये ना!" ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून एक बैलगाडी येत होती, गाडीवान ओरडला, तरी ही जागची हलेना. मग तिला जे हसू फुटलं ते होस्टेलच्या फाटकापर्यंत थांबलं नाही. तिथेच आमचं ठरलं.

संक्रांत सोमवारी आली होती. शनिवारी कॉलेज सकाळचं, रविवारी भोगी, सोमवारी सण. एवढी सलग सुट्टी पुन्हा मिळणार नव्हती. मी घरी सांगितलं की मैत्रिणीने मेहकर बघायला बोलावलंय. ते खोटं नव्हतं. वडिलांनी बसमध्ये बसवून दिलं आणि चिखली मागे पडेपर्यंत आम्ही दोघी शहाण्या मुलींसारख्या बसलो होतो.

मेहकर मला पाहताक्षणी आवडलं. उतारावर वसलेलं गाव, खाली पैनगंगा, आणि गल्ल्या अशा की प्रत्येक गल्ली एक तर देवळाकडे नेते नाहीतर नदीकडे. मैत्रिणीने पिशवी घरात टाकली, आईला "आलो" म्हणून सांगितलं आणि मला लगेच बाहेर काढलं. बालाजीच्या देवळात गेलो. ती काळी मूर्ती केवढी उंच आणि केवढी शांत! आम्ही दोघीही गप्प झालो, अर्थात गाभाऱ्यापुरत्याच. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?" ती म्हणाली, "दोन." मला कळेना. "दोन डोळे वं!" असं म्हणून ती पायऱ्यांवरच बसली, हसून हसून तिला उभं राहवेना. फुलवाली आमच्याकडे बघत राहिली.

मग तिने मला कंचनीच्या महालावर नेलं. टेकडीवरची ती पडकी इमारत. लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून तो महाल उंच बांधला होता, असं गावात सांगतात. वर वारा सुटला होता. आजूबाजूला ज्वारी उभी होती, कुठेतरी हुरडा भाजल्याचा वास येत होता. मी लोणार शोधत होते आणि ही भलतीकडेच तोंड करून उभी.

"लोणार तिकडे आहे ना?"

"लोणार राहू दे. खामगाव इकडे आहे." तिने तोंडाभोवती हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "डोळे उघडा होऽऽ!"

खाली शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याने दचकून वर पाहिलं. आम्ही दोघी भिंतीआड बसलो आणि पदर तोंडात कोंबला.

सगळं ठरलं होतं, पण खामगावला जायचं कसं, हे काही ठरलं नव्हतं. दोन तरण्या मुलींना एकट्याने शहरात कोण पाठवणार? तिची आई तशी मायाळू होती, पण शिस्तीची. वडील तहसिलीत कारकून, त्यांना विचारायची सोयच नव्हती. संध्याकाळी भोगीच्या भाजीसाठी आम्ही ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो आणि हळू आवाजात हाच घोळ घालत होतो. तिची काकू आमच्या मागे कधी येऊन बसली ते कळलंच नाही. काकू म्हणजे तिच्या धाकट्या काकांची बायको. अंगाने गुटगुटीत, माहेर अमडापूर, आणि घरात सगळ्यात मोठ्याने हसणारी तीच.

"काय खुसूरफुसूर करून राह्यल्या वं पोट्ट्याहो?"

मैत्रिणीने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. काकूने मूठभर दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाली, "मले दाखवलं असतं कोणी लग्नाच्या आधी, तर मी तुह्या काकाले हो म्हटलं असतं का, हा मले आजपर्यंत प्रश्न आहे. उद्या जाऊ."

स्वयंपाकघरात जाऊन ती जावेला म्हणाली, "वयनी, वाणाचं सामान आणाले मी उद्या खामगावले जातो. या दोघीले घेऊन जातो हाताखाली."

"मेहकरात काय मिळत नाई?"

"मिळते नं. पण मांगच्या साली चार घरी सारख्याच फण्या लुटल्या. कुणी नावं ठेवली तर तुमालेच ठेवतीन. अन् हे पुण्याची पोरगी आली आपल्याकडे, तिनं काय फक्त मेहकरच पाह्यचं?"

तिच्या आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "भोगी आहे. डोक्यावरून न्हाऊन जा." म्हणजे परवानगी मिळाली.

सकाळी ओले केस पाठीवर मोकळे टाकून आम्ही तिघी पहिल्या बसला हजर होतो. काकूने तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी फडक्यात बांधून घेतली होती. जानेफळ येईपर्यंत ती निम्मी संपली. बसमध्ये आमचा बेत पक्का झाला. स्टुडिओत उगाच कसं जायचं? फोटो काढायलाच जायचं. फोटो माझा काढायचा, लग्नासाठी. काकू माझी आई होणार आणि मैत्रीण माझी मावसबहीण. आम्ही पुण्याच्या, म्हणजे मेहकरचा संशयच यायला नको. फक्त काकूच्या बोलण्याची पंचाईत होती. मी तिला शिकवायला घेतलं.

"काकू, 'मले' नाही, 'मला' म्हणायचं."

"मला."

"तुला."

"तुला. त्याला. तिला. झालं का? सोपं तर आहे! जमलं नं मले!"

पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. कंडक्टरही तिकिटं फाडायचं सोडून ऐकत होता. घाटात बस वळली की काकू माझ्या अंगावर यायची आणि "मला धर, मला धर" असा सराव करायची.

खामगाव कापसात बुडालेलं होतं. हंगाम होता. बसस्टँडवरून निघालो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या गाड्यांची रांग, बैल रवंथ करताहेत, गाडीवान गाडीखाली झोपलेत, आणि हवेत सगळीकडे कापूस उडतोय. जिनिंगचे भोंगे वाजत होते. मला पुण्यातल्या लग्नातल्या बँडपेक्षा तो आवाज बरा वाटला. काकू पुढे चालत होती. "लहानपणी अमडापूरहून बाजारले यायची मी. खामगाव मले पाठ आहे," असं सांगत तिने आम्हाला थेट एका जिनिंगच्या आवारात नेऊन उभं केलं. समोर कापसाचा डोंगर. डोंगरावरची बाई वरूनच ओरडली, "कोन पाह्यजे?" काकू म्हणाली, "कोनी नाई, रस्ता पाह्यजे." पुन्हा उलट फिरलो. चांदीची दुकानं लागली तेव्हा काकू प्रत्येक दुकानासमोर थांबायला लागली, मग तिला दोन्ही बाजूंनी धरून पुढे न्यावं लागलं. शेवटी एका पानवाल्याला विचारलं आणि स्टुडिओ सापडला. एक जिना चढून वर, दारात निळा पडदा.

पडद्याबाहेर आम्ही थांबलो. मैत्रीण एक पायरी खाली उतरली. "मी नाई येत," ती म्हणाली. काकूने तिच्या पाठीला हात लावला आणि तिघी एकदमच आत गेलो.

तो खिडकीजवळ उभा होता. सडपातळ, पांढरा सदरा, बोटांची टोकं औषधांनी तपकिरी झालेली. हातातली निगेटिव्हची काच उजेडात धरून तो बघत होता, आणि एक डोळा मिटलेला होता. घट्ट मिटलेला.

"गेलं!" काकू म्हणाली.

त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. "काय गेलं?"

तो बोलला तेव्हा दोन्ही डोळे उघडे होते. चांगले मोठे, काळेभोर. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहेत!"

"काय आहेत?"

आता काय सांगणार? काकूने प्रसंग सावरला. "फोटो काढायचा आहे. हिचा. लग्नासाठी. मी आई आहे हिची. आम्ही पुण्याच्या आहोत."

त्याने तिघींकडे नीट पाहिलं. "पुण्याहून खामगावले आल्या, फोटो काढाले?"

"हो ना. पुण्याला चांगले निघत नाहीत."

"काऊन?"

"ऊनच पडत नाई तिकडे."

"पुण्यात ऊन पडत नाई?"

"पडते," काकू म्हणाली, "पण कमी पडते."

मी खाली मान घातली. मैत्रीण भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. त्याचा चेहरा मात्र अगदी गंभीर. त्याने कोनाड्यातला आरसा आणि फणी काढून माझ्या हातात दिली. "आधी कापूस काढून घ्या." आरशात पाहिलं तर काय, मोकळ्या केसांना जागोजागी कापूस चिकटून मी म्हातारी झाले होते. तिघीही झालो होतो. तसंच सबंध खामगाव फिरून आलो होतो आम्ही!

मागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं होतं, तळ्यात हंस, काठाला संगमरवरी जिना. मला एका स्टुलावर बसवलं. तो कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरला, आणि त्याच्या मागे बाकावर बसलेल्या या दोघींनी मला खुणा करायला सुरुवात केली. काकू दोन बोटं वर करून दाखवत होती, दोन आहेत, दोन! मला हसू आवरेना. तो बाहेर आला. "स्थिर राहा." पुन्हा आत गेला. मी पुन्हा हसले. असं तीनदा झालं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. याने एक स्टूल ओढलं आणि समोर बसला. "सगळं हसून घ्या एकदाचं. मी थांबतो." मग तर विचारूच नका. मी डोळे पुसत होते तेव्हा त्याने तो फोटो घेतला. पुढे माझ्या आईने तोच फोटो स्थळांना पाठवला. एका घरून निरोप आला की मुलगी फार हसरी दिसते. ज्या घरी ते आवडलं, त्या घरी मी गेले.

माझं झाल्यावर तो बाकाकडे वळला आणि मैत्रिणीला म्हणाला, "आता तुम्ही बसा. तुमचाही एक काढतो. मेहकरच्या फोटोवाल्यानं मान लयच वाकडी बसवली होती तुमची."

काकू बाकावरून अर्धी उठली.

"कोन्या फोटोत?" काकूने विचारलं. पुण्याची भाषा संपली होती.

"आमच्या घरी आला आहे, त्या."

म्हणजे आम्ही पडदा सारून आत आलो तेव्हाच त्याने ओळखलं होतं, आणि पुण्यातलं ऊन शांतपणे ऐकून घेतलं होतं! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकूने तर पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला. मला वाटलं, आता मैत्रीण पळणार. ती उठली, पण पळाली नाही. सरळ जाऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मान माझी वाकडी नाई. त्यानं धरून ठेवली होती."

"तेच म्हणून राह्यलो मी."

"तुमचा एक डोळा मिटलेला असते म्हणून सांगितलं होतं आम्हाले."

तो पहिल्यांदा हसला. "दिवसभर कामाले एकच लागते. दुसऱ्याले आराम देतो."

"मी ट्रेनिंग करून राह्यली. पुढं शाळेत नोकरी करणार आहे."

"खामगावात शाळा आहेत."

"तुमच्या घरचे काय म्हणतीन?"

"माय म्हणे, पोरगी फोटोत रागीट दिसते. मी म्हटलं, मास्तरीण होऊन राह्यली, रागीट असनच थोडी."

"रागीट?" तिने भुवई वर केली. "अन् आता?"

"थांबा, पाहून सांगतो." तो कापडात शिरला. कापड जरा हललं. मग आवाज आला, "आता उलटी दिसून राह्यली."

"उलटी म्हंजे?" काकूने पदर वर केला.

"यात सगळं उलटं दिसते. डोकं खाली, पाय वर."

काकूला हे बघायचंच होतं. तो बाजूला झाला आणि काकू नऊवारीसकट कापडात घुसली. "अगं माय! पोट्टी छताले लटकली! हंस पण लटकला!" तिच्या हसण्याने तिकाटण्यावरचा कॅमेरा हलायला लागला, तेव्हा त्याने घाईघाईने तो धरला. मग मी पाहिलं. काचेवर इवलीशी, रंगीत, उलटी माझी मैत्रीण. सिनेमाच्या पडद्यावरही मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"मले पण पाह्यचं," ती स्टुलावरून म्हणाली.

"मग तिथे बसणार कोण?" मी म्हटलं.

तो जाऊन तिच्या जागी स्टुलावर बसला. हात गुडघ्यांवर, मागे तळं. ती कापडात शिरली. आम्हाला फक्त तिची पावलं दिसत होती, आणि ती जराही हलत नव्हती. तो समोर बघत होता, सरळ भिंगात, आणि हळूहळू त्याचे कान लाल होत गेले. त्याला बघायला लोक रोज येत नसत. रोज तोच लोकांना बघायचा.

"झालं का वं?" काकूने विचारलं.

"थांबा," आतून आवाज आला.

काकूने माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, डोळे लकाकत होते.

"कसा दिसते?" काकूने भीडभाड न ठेवता विचारलं.

"उलटा," ती म्हणाली. आणि मग, "पण चांगला."

जिना आम्ही कशा उतरलो ते मला आठवत नाही. चौकात आल्यावर तिने माझा हात धरला आणि आम्ही धावतच सुटलो, काही कारण नसताना, कापसाच्या गाड्यांमधून, बैलांच्या शिंगांजवळून. मागून काकू ओरडत होती, "थांबा वं, माह्याकडून धावणं होत नाई!" आणि तीही धावतच होती. बस उभीच होती. पायरीवर पाय ठेवताना काकूने कपाळावर हात मारून घेतला. "वाण!"

वाणाचं कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला. स्टँडसमोर भांड्याकुंड्यांचं एकच दुकान उघडं होतं, त्याच्याकडे एकसारखी अशी एकच वस्तू भरपूर होती, ती काकूने पदरात भरून आणली. चहाच्या गाळण्या.

घरी आईने गाळणी उलटसुलट करून पाहिली. "संक्रांतीले गाळणी?"

"खामगावात सध्या हेच चालते," काकू म्हणाली.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती फार आवडली. फण्या सगळ्यांकडे पडून होत्या. चहा रोज लागायचा. "कोणाची कल्पना?" असं जी ती विचारत होती, आणि आई मोठ्या समाधानाने म्हणत होती, "आमच्या धाकट्या जावेची." मैत्रीण आणि मी तिळगुळाचं ताट फिरवत होतो. बायका निघून गेल्यावर आईने चटई झटकत तिला सहज विचारलं, "मग काय करायचं? त्याइले पुढच्या महिन्यात या म्हणून सांगू का? तू तर काही बोललीच नाई अजून."

"येऊ दे," ती म्हणाली.

इतक्या पटकन होकार येईल असं आईला वाटलं नसावं. चटई हातात धरून ती लेकीकडे बघत राहिली. "अन् डोळ्याचं?"

"चालते," ती म्हणाली. "एक असला तरी चालते."

काकूला तिळाच्या लाडवाचा जोरात ठसका लागला. मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले.

महिन्याने मुलाकडचे रीतसर येऊन गेले. त्या दिवशी दोघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही, असं तिने मला नंतर सांगितलं. लग्न वैशाखात झालं. ती खामगावच्याच शाळेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. मुलं तिला घाबरायची म्हणे.

लग्नाला मी गेले होते. वरात निघाली, मांडव रिकामा झाला, सतरंज्यांवर अक्षता पसरल्या होत्या. तिची आई आत रडत होती. काकू माझ्याजवळ येऊन बसली, नऊवारीचा काठ गुडघ्यावर सारखा केला. तिचेही डोळे सुजले होते.

"तुह्यासाठी पाहून राह्यले का कोणी?" तिने विचारलं.

"आई म्हणतेय, पुण्याकडे."

"पुणं लय दूर पडते," ती विचारात पडली. "पण येईन मी पोरगा पाह्याले. तू फक्त कळवजो."

तिचा चेहरा इतका गंभीर होता की मला आधी खरंच वाटलं. मग आम्ही दोघी त्या रिकाम्या मांडवात हसायला लागलो, आणि आतून कोणीतरी डोकावून विचारलं, आता या दोघींना काय झालं.